एक कॉम्प्युटर, चार खाती आणि सगळ्यांचा एक फोल्डर

घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं चार असली, की प्रत्येकाचं वेगळं खातं काढायचा सल्ला सगळेच देतात. खाती काढायला दहा मिनिटं लागतात. पण मग एकाला दुसऱ्याची फाइल हवी असते आणि घरोघरी तिथं एकच उपाय चालतो: "पासवर्ड सांग की, मी बघून घेतो." असं दोन-तीनदा झालं की चारही पासवर्ड चौघांना पाठ. खाती वेगळी राहतात फक्त नावाला.

फाइल एक हवी असते, पण पासवर्डाबरोबर सगळंच दुसऱ्याच्या हातात जातं. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे आणि मेलचे पासवर्ड, उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप, काय काय शोधलं त्याची यादी. मुलांपासून मोठ्यांना लपवायचं असतं तसं मोठ्यांपासून मुलांनाही असतं, त्यात गैर काही नाही. दुसरा उपाय पेनड्राइव्हचा. त्यात तीन महिन्यांनी एकाच यादीच्या पाच प्रती होतात आणि खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. तिसरा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा. फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होऊन येतो, आणि छापायला दिल्यावर दुकानदार विचारतो, "मोठा नाही का?" म्हणून हे लिहिते आहे. एकाच मशीनवर फाइल या खात्यातून त्या खात्यात न्यायला इंटरनेट लागत नाही, पेनड्राइव्ह लागत नाही आणि पासवर्ड तर अजिबात सांगावा लागत नाही.

आम्ही सोलापुरात, पूर्व भागात राहतो. घराच्या पुढच्या खोलीत शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम चालतं. कॉम्प्युटर मधल्या खोलीत आहे, विंडोजचा. त्यावर एक खातं माझं, त्याला नाव 'हिशोब', कारण कामाचा सगळा कागद मीच बघते. दुसरं सासऱ्यांचं, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते गिरणीत टाइमकीपर होते, आता भजनी मंडळाचे कागद टाइप करतात. थोरला कॉलेजला आणि धाकटी शाळेत, त्यांची दोन. शिवाय एक पाचवं खातं आहे, 'कारभारी'. ते ॲडमिनिस्ट्रेटर आहे आणि त्यावर रोजचं काम कुणीच करत नाही. बाकी चारही 'स्टँडर्ड' आहेत, माझंसुद्धा. नवीन सॉफ्टवेअर घालायचं किंवा सगळ्यांना लागू होणारं काही बदलायचं असलं की विंडोज कारभारीचा पासवर्ड मागतं, तेवढ्यापुरता तो टाकायचा. ही सोय आधी करून घ्या. घरात सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर असतील तर पुढं लिहिलेल्या निम्म्या गोष्टींना अर्थ उरत नाही.

खातं स्टँडर्ड आहे का ते बघायचं तर सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग 'अदर युजर्स'. विंडोज १० मध्ये तिथंच 'फॅमिली अँड अदर युजर्स' असं लिहिलेलं दिसेल. नावावर क्लिक केलं की 'चेंज अकाउंट टाइप' येतं.

आधी कागदावर

माऊस हातात घ्यायच्या आधी एक कागद घ्या आणि घरात कोणकोणत्या फाइली फिरतात ते लिहा. आमच्याकडं लिहिल्यावर तीन ढीग निघाले. पहिल्या ढिगात सगळ्यांनी बघायचं आणि सगळ्यांनी बदलायचं असं: मापांची यादी, किराणा, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत काढलेले नंदीध्वजांचे आणि गड्ड्याचे फोटो. दुसऱ्या ढिगात सगळ्यांनी बघायचं पण एकानंच बदलायचं: आधार, रेशनकार्ड, सातबारा, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, मार्कशीट, घरपट्टीच्या पावत्या. तिसऱ्यात जे कुणाचं त्याचंच. पासबुकाचे कागद, थोरल्याचं काय असेल ते, अण्णांची डायरी.

हा दुसरा ढीग बहुतेक लोक वेगळा काढतच नाहीत. दाखले पहिल्या ढिगात टाकतात. मग ॲडमिशनच्या दिवसांत कुणीतरी पोर्टलला लहान फाइल हवी म्हणून मूळ स्कॅनच दाबून लहान करून ठेवतं, आणि पुढच्या वेळी शिक्का वाचता येत नाही. दाखला बघायला सगळ्यांना मिळावा, पण ज्याला लहान करायचा असेल त्यानं प्रत स्वतःच्या खात्यात नेऊन करावी.

तयार असलेली जागा

विंडोज प्रत्येक खात्याला सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स' फोल्डरात एक फोल्डर देतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं त्याच्या पोटात. दुसऱ्या स्टँडर्ड खात्यातून तिथं जायला गेलं की परवानगी नाही म्हणून चौकट येते. ती चौकट काही बिघाड नव्हे, वेगळी खाती त्यासाठीच असतात.

चौकटीत 'कंटिन्यू' असं बटण असतं. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून ते दाबलं की विंडोज त्या माणसाला त्या फोल्डरात कायमचा प्रवेश देतं. एकदा बघून दार परत आपोआप लागत नाही. चौकटीतही तसं लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण? म्हणून कारभारी खात्यातून मुलांच्या फोल्डरात सहज डोकावू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की ज्याच्याकडं ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आहे त्याच्यापासून फोल्डरच्या परवानग्यांनी काहीच लपत नाही. खरंच झाकायची असेल तर त्या फाइललाच पासवर्ड घालावा. एक्सेल आणि वर्डमध्ये फाइल, इन्फो, मग 'प्रोटेक्ट'मध्ये 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. तो विसरलात तर फाइल गेली असं समजा.

त्याच 'युजर्स' फोल्डरात खात्यांच्या नावांशेजारी 'पब्लिक' नावाचा एक फोल्डर असतो. आत पब्लिक डॉक्युमेंट्स, पब्लिक पिक्चर्स, पब्लिक व्हिडिओज. या मशीनवर जो कुणी बसून लॉगिन करेल तो इथली फाइल बघू शकतो, बदलू शकतो आणि उडवूही शकतो. काही सेट करावं लागत नाही. नुसते फोटो वाटायचे असतील तर यापुढं वाचायची गरज नाही. फोटो पब्लिक पिक्चर्समध्ये टाका आणि घरच्यांना जागा दाखवा.

ज्यांच्या घरी टॅली आहे त्यांनी इथं एकदा नजर टाका. टॅलीप्राइम बसवताना डेटाची जागा बदलली नसेल तर तो याच पब्लिक फोल्डरात टॅलीप्राइम, मग डेटा, असा असतो. म्हणजे दुकानाची सगळी वही ज्या फोल्डरात, तो फोल्डर घरातल्या प्रत्येक खात्याला उघडा. जागा कमी पडली म्हणून पोरांनी एखाद्या दिवशी पब्लिकमधला 'नको असलेला' फोल्डर उडवला तर काय होईल ते मी सांगायला नको. टॅलीच्या सेटिंगमधून डेटाची जागा बदलता येते, पण ते तुमच्या टॅलीवाल्याला समोर बसवून करा. आणि कंपनीला टॅलीतला पासवर्ड लावला असला तरी फोल्डर उडवायला तो आडवा येत नाही.

स्वतःचा फोल्डर, आणि दोन टॅबांचा घोळ

मला पब्लिक फोल्डर तितकासा आवडत नाही. आतल्या फोल्डरांची गर्दी फार, अण्णांना सापडत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे दुसरी सॉफ्टवेअरंही तिथं येऊन बसतात. म्हणून डी ड्राइव्हवर 'घर' नावाचा एक फोल्डर केला. डी नसेल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी केला तरी चालतो. अशा ठिकाणी केलेला नवा फोल्डर सहसा सगळ्या खात्यांना आपोआप उघडा असतो, बदलायलासुद्धा. पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं. डी ड्राइव्ह म्हणजे आपलं खाजगी कपाट समजून लोक तिथं काहीही ठेवतात. तिसऱ्या ढिगातलं काही डी ड्राइव्हवर असेल तर आजच उचलून आपल्या डॉक्युमेंट्समध्ये न्या.

'घर'मध्ये मी दोन फोल्डर केले, 'सगळ्यांचं' आणि 'दाखले'. 'सगळ्यांचं'ला हात लावायची गरज पडली नाही. दुसऱ्या खात्यातून फाइल बदलून साठवून बघायची. झाली तर ठीक. नाही झाली तर त्या फोल्डरवर राइट क्लिक, सर्वात खाली 'प्रॉपर्टीज', त्यात 'सिक्युरिटी' टॅब, 'एडिट', 'ॲड'. रिकाम्या चौकटीत इंग्रजीत 'युजर्स' टाइप करून 'चेक नेम्स' दाबायचं. नावाखाली रेघ आली की विंडोजनं ओळखलं. ओके केल्यावर खालच्या यादीत 'मॉडिफाय'पुढं 'अलाउ'च्या खाली खूण करायची. 'फुल कंट्रोल' देऊ नका. त्यात परवानग्या बदलायचीही मुभा येते, आणि घरातल्या हौशी माणसाला ती नकोच.

प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी'च्या शेजारी 'शेअरिंग' असाही टॅब असतो, आणि सगळा घोळ इथं होतो. आपल्याला शेअर करायचं आहे म्हणून माणूस तिकडंच जातो. शेअरिंगचा टॅब नेटवर्कसाठी आहे, वायफायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला हा फोल्डर दिसावा म्हणून. राइट क्लिकमधलं 'गिव्ह ॲक्सेस टू'ही त्यातलंच. तिथून काम होत नाही असं नाही, होतं, पण जोडीला फोल्डर नेटवर्कवरही मांडला जातो. एकाच मशीनवरच्या खात्यांसाठी फक्त सिक्युरिटी टॅब पुरतो. जुन्या लेखांत 'होमग्रुप' करा असं वाचायला मिळेल. ती सोय विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकली, शोधत बसू नका.

दाखल्यांचा फोल्डर

आता जरा किचकट भाग. इथं घाई करायची नाही.

'दाखले' फोल्डर मी माझ्या 'हिशोब' खात्यातून बनवला. जो बनवतो तो फोल्डरचा मालक ठरतो, आणि मालकाला परवानग्या बदलता येतात. मग प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि आता 'एडिट' नाही तर खालचं 'ॲडव्हान्स्ड'. नवीन खिडकीत परवानग्यांची यादी दिसते. या सगळ्या वरच्या ड्राइव्हकडून वारशानं आलेल्या असतात, त्यामुळं थेट पुसता येत नाहीत. खाली 'डिसेबल इन्हेरिटन्स' असं बटण आहे. ते दाबल्यावर दोन पर्याय येतात. पहिला घ्यायचा, ज्यात 'कन्व्हर्ट' हा शब्द आहे. म्हणजे आहे ती यादी तशीच राहते, फक्त आता ती या फोल्डरची स्वतःची होते. दुसरा पर्याय सगळं पुसून टाकतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

यापुढं क्रम महत्त्वाचा. आधी स्वतःला आत घ्या: 'ॲड', मग 'सिलेक्ट अ प्रिन्सिपल', आपल्या खात्याचं नाव, आणि 'मॉडिफाय'वर खूण. त्यानंतर 'युजर्स' ही ओळ यादीत आहे ना आणि तिच्यापुढं 'रीड अँड एक्झिक्यूट' आहे ना ते बघा. नसेल तर तीही याच रीतीनं घाला. आणि सगळ्यात शेवटी 'ऑथेंटिकेटेड युजर्स' ही ओळ काढा. घरातल्या सगळ्यांना बदलायची मुभा या ओळीमुळं मिळत असते. 'सिस्टम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' या ओळींना हात लावायचा नाही.

यादीत 'डिनाय' असाही खाना दिसतो आणि मोह होतो, की बदलायला नाही म्हणायचं तर डिनायवर खूण करू. करू नका. डिनाय अलाउच्या वरचढ असतो, आणि 'युजर्स' या गटात घरातले सगळेच येतात, तुम्ही स्वतःही. युजर्सना डिनाय केलं की दार तुमच्याही तोंडावर बंद. ज्याला द्यायचं नाही त्याला नुसतं न देणं पुरतं.

झाल्यावर थोरल्याच्या खात्यातून तपासलं. दाखला उघडला, छापता आला, स्वतःच्या डेस्कटॉपवर प्रत नेता आली. उडवायला गेल्यावर विंडोजनं ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. तो म्हणाला, "मम्मी, हे काय की, मला डिलीट करता येईना." मी म्हटलं, "मग बरोबर झालं."

नवीन दाखले थेट इथंच स्कॅन करायचे. विंडोजच्या स्कॅन ॲपमध्ये फाइल कुठं ठेवायची ते निवडता येतं. आपण काही निवडलं नाही तर ती स्कॅन करणाऱ्याच्या पिक्चर्समध्ये 'स्कॅन्स' नावाच्या फोल्डरात जाते, आणि मग घरभर चौकशी सुरू. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवते: आधी कुणाचा, मग कशाचा, मग साल. विंडोजला देवनागरी नाव चालतं, पण अर्ज भरायच्या काही वेबसाइटींना चालत नाही.

कट नको, कॉपी

सगळं बरोबर करूनही एखादी फाइल 'सगळ्यांचं'मध्ये दिसते पण दुसऱ्याला उघडत नाही, अशी तक्रार येतेच. बहुतेक वेळा ती फाइल कट करून किंवा माऊसनं ओढून आणलेली असते. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली तर ती जुन्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते, म्हणजे जागा बदलली तरी ती एकट्या अण्णांचीच राहते. कॉपी केली तर नवी फाइल तयार होते आणि ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. माहेरचं नाव सोडायला तयार नसलेल्या सुनेसारखं हे कटचं वागणं, असं आमची शेजारची अक्का म्हणते. (तिनं स्वतः सोडलेलं नाही.) तेव्हा घरात नियम एकच: सामाईक फोल्डरात आणायची ती कॉपी करून, आणि जुनी मागाहून उडवायची.

अडकलेली फाइल दुरुस्त करायची तर तिच्या मालकानं लॉगिन करून त्याच फोल्डरात तिची कॉपी-पेस्ट करावी आणि मूळची काढावी. परवानग्यांच्या खिडकीत एकेक फाइल धरून बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

अण्णांना सापडावा म्हणून

डी ड्राइव्ह, मग घर, मग सगळ्यांचं, ही वाट म्हाताऱ्या माणसाला रोज शोधायला लावू नये. प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट हवा. एकेका खात्यात जाऊन तो बनवता येतो, पण त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. पब्लिक फोल्डराच्या आत 'पब्लिक डेस्कटॉप' असतो. तो लपवलेला असतो, पण वरच्या पत्त्याच्या पट्टीत पब्लिकच्या पुढं उलटी तिरकी रेघ (\) देऊन इंग्रजीत डेस्कटॉप टाइप केलं की उघडतो. त्यात ठेवलेला शॉर्टकट घरातल्या सगळ्या खात्यांच्या डेस्कटॉपवर उमटतो. ठेवताना कारभारीचा पासवर्ड लागेल. फक्त शॉर्टकटच ठेवा, मूळ फोल्डर नव्हे.

फाइल अडकली

मार्चपासून जूनपर्यंत आमच्याकडं गणवेशांची धांदल असते. मापांची यादी एक्सेलमध्ये आहे. शाळेतून आलेली मापं धाकटी घालते आणि मी त्यावरून कापडाचा हिशोब करते. ती उठताना खातं बंद न करता नुसतं 'स्विच युजर' करते आणि मी माझ्या खात्यात येते. यादी उघडायला जावं तर चौकट: फाइल वापरात आहे, वाचण्यापुरती उघडू का? तिच्या खात्यात ती यादी मागं उघडीच असते. स्विच युजर किंवा विंडोज आणि एल ही बटणं, यांनी माणूस बाहेर पडतो पण त्याची कामं चालू राहतात. 'साइन आउट' केलं तरच सगळं बंद होतं. सामाईक फाइलवर काम झालं की साइन आउट, हा दुसरा नियम.

दुसऱ्याचं खातं असं उघडं असताना कॉम्प्युटर बंद करायला गेलं, की विंडोज सांगतं, अजून कुणीतरी हा पीसी वापरतंय, बंद केलात तर त्याचं न साठवलेलं काम जाईल. तेव्हा 'एनीवे' दाबायच्या आधी हाक मारा. उन्हाळ्यात आमच्याकडं वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, ती तर हाकही मारत नाही. म्हणून स्विच युजरची सवय मोडलेली बरी.

आणि उडालेली फाइल? रिसायकल बिन प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. सामाईक फोल्डरातली फाइल ज्यानं उडवली त्याच्या बिनमध्ये ती जाते, ज्यानं बनवली त्याच्या नाही. अण्णांचा कागद हरवला तर अण्णांच्या बिनमध्ये तो मिळणार नाही. घरातल्या एकेकाला आपापल्या खात्यात जाऊन बिन बघायला सांगायचं. कुणी उडवला तेही त्यातच कळतं.

उघडली, पण वाचता येईना

मराठी घरातली ही खास अडचण. अण्णांनी अभंगाचा कागद 'सगळ्यांचं'मध्ये ठेवला. त्यांच्या खात्यात स्वच्छ मराठी, थोरल्याच्या खात्यात उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. फाइल बिघडलेली नसते आणि परवानगीचाही प्रश्न नसतो.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवली जातात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. आणि आताचं विंडोज फॉन्ट नुसता 'इन्स्टॉल' केला तर तो फक्त त्याच खात्यापुरता बसवतं. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडायचं. विंडोज ११ मध्ये त्यासाठी आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. कारभारीचा पासवर्ड टाकला की फॉन्ट चारही खात्यांत हजर.

नवीन कागद मात्र युनिकोडमध्येच करा, त्यात फाइलमध्ये खरी मराठी अक्षरंच साठवली जातात. त्याला विंडोजचा निर्मला फॉन्ट पुरतो आणि तो सगळ्या खात्यांत असतोच. मंगलची गोष्ट थोडी वेगळी. विंडोज १० पासून तो आपोआप असेलच असं नाही, तो देवनागरीच्या जादा फॉन्टमध्ये येतो. नसेल तर अक्षरं वाचता येतात, पण ओळी हलतात आणि एका पानाची दोन पानं होतात. मराठी कीबोर्डही प्रत्येक खात्यात स्वतंत्र जोडावा लागतो, एकानं जोडला म्हणून दुसऱ्याला मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात

नवीन कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात. फुकटातली जागा ५ जीबी, फोटोंनी ती लगेच भरते. सामाईक फोल्डर वनड्राइव्हच्या आत करू नका.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स घालणारे वाढले आहेत. तिथं घरच्यांचा एक गट करायचा, सगळ्यांना त्यात घालायचं, सामाईक फोल्डर त्या गटाच्या नावे करायचा आणि परवानग्या ठरवणाऱ्या सीएचमॉड या कमांडला २७७५ हा आकडा द्यायचा. सुरुवातीचा २ महत्त्वाचा, त्यानं आत होणारी प्रत्येक नवी फाइल गटाच्या नावे होते. गटात घातल्यावर त्या माणसानं एकदा साइन आउट करून परत यायला हवं, तोवर लागू होत नाही. मॅकवर 'युजर्स'मध्ये 'शेअर्ड' फोल्डर तयारच असतो, पण तिथं एकानं ठेवलेली फाइल दुसऱ्याला साधारणपणे वाचण्यापुरतीच मिळते.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात. 'घर' फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. ती डिस्क एक्सफॅट किंवा फॅट३२ असेल तर परवानग्या त्यावर जात नाहीत, म्हणजे दाखले तिथं सगळ्यांना बदलता येतील. डिस्क कपाटात ठेवा.

आणि मशीन दुकानात फॉरमॅटला जाणार असेल तर हे वाचून ठेवा. नवीन विंडोजवर तुम्ही त्याच नावानं खाती काढलीत तरी विंडोजच्या लेखी ती वेगळी माणसं असतात. खात्याची ओळख नावावर नसते, आत एक लांब क्रमांक असतो त्यावर असते. 'सगळ्यांचं' फोल्डर पहिल्यासारखा उघडेल. 'दाखले' वाचता येईल पण तुम्हालाच बदलता येणार नाही, आणि सिक्युरिटीच्या यादीत तुमच्या नावाच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि तो क्रमांक दिसेल. घाबरायचं कारण नाही. कारभारी खात्यातून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर 'ओनर'पुढं 'चेंज' आहे, तिथं आपलं नवीन खातं घाला आणि खाली आलेल्या, आतल्या सगळ्या फाइलींचा मालक बदलण्याच्या चौकटीवर खूण करा. ओके करून खिडकी बंद करा, परत उघडा, अननोनची ओळ काढा आणि स्वतःला मॉडिफाय द्या.